डिस्प्लेवर दोन, फळात नऊ

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही ऐरोलीत राहतो. माझं माहेर वाईजवळ, भावाची स्ट्रॉबेरी आहे. हंगामात आठवड्यातून तीनदा भाड्याच्या फ्रीजर गाडीनं माल येतो. निम्मा तुर्भ्याच्या फळ मार्केटात उतरतो, निम्मा मी ठाणे-ऐरोलीतल्या सोसायट्यांत घरपोच देते. गेल्या वर्षी दर फेरीला पाच-सात ट्रे फेकून द्यावे लागले. ड्रायव्हर म्हणतो गाडी थंडगार होती, भाऊ म्हणतो माल चोख भरला होता. आता एक जण गाडीत सेन्सर बसवून देतो म्हणतोय. तापमान मोबाइलवर दिसेल, पण दरमहा भाडं द्यायचं. घ्यावं का? खराबी थांबेल का?

उत्तर : ताई, सेन्सर घ्या. दरमहा भाड्याचा मात्र एवढ्यात नको.

तुर्भ्यातल्या एका शीतगृहात मी एकतीस वर्षं माल उतरवून घेतला. एका पहाटे द्राक्षाची गाडी लागली. डिस्प्लेवर २ अंश, ड्रायव्हर कौतुकानं दाखवतोय. मी दारापाशी खालच्या थरातली पेटी काढायला लावली आणि टोचायचा थर्मामीटर मण्यात खुपसला. ९! जुंपलीच मग. माथाडी बिड्या शिलगावून मजा बघत बसले. पण खोटं कोणीच बोलत नव्हतं. तो आकडा मशीनकडे परत येणाऱ्या हवेचा होता, फळाचा नव्हे. पेट्या पार छताला भिडवलेल्या, त्यामुळे गार हवा पुढच्या पुढेच घोटाळून मशीनकडे परत जायची. दाराकडच्या मालाला तिचा वाराही लागत नव्हता.

म्हणून सेन्सर कुठे ठेवता यावर सगळा खेळ आहे. विकणारा तो मशीनशेजारी चिकटवून जाईल, कारण तिथे आकडा देखणा येतो. तुम्ही एक दारालगतच्या ट्रेमध्ये, डब्यांच्या मधोमध ठेवा आणि दुसरा गाडीच्या मध्यावर, आतल्या थरात. पेट्यांच्या वर छताखाली वीतभर जागा मोकळी सोडायला भावाला बजावा. त्याला पैसेही पडत नाहीत.

सुरुवातीला तो दरमहा भाड्याचा, मोबाइलवर तापमान पाठवणारा सिमकार्डवाला नकोच. साधा लॉगर आणा, तो दर दहा मिनिटांनी तापमान टिपून ठेवतो आणि गाडी आली की संगणकाला किंवा मोबाइलला जोडून आलेख काढता येतो. वापरण्याआधी घरीच पारखून घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी भांड्यात ढवळा, लॉगर पातळ पिशवीत घट्ट बांधून त्यात बुडवा. अर्ध्या तासानं ० च्या आसपास आला नाही तर दुकानदाराला परत करा.

पंधरवडाभराचे आलेख समोर ठेवलेत की दोष कुणाचा ते आपोआप बोलेल. रेघ १८-२० अंशांवर सुरू होऊन कूर्मगतीनं उतरत असेल, तर माल गरम भरला गेला. वाटेत मध्येच उंचवटा दिसला, तर डिझेल वाचवायला कुणीतरी मशीन बंद केलं होतं. चहाच्या थांब्याची वेळ जुळवून बघा, ड्रायव्हरला फार प्रश्न विचारावे लागणार नाहीत. शेवटी उसळी असेल, तर मार्केटात गाळ्यासमोर दार सताड उघडं ठेवून गाडी ताटकळली. बारीकसे नेमाने येणारे उंचवटे दिसले तर घाबरू नका. कॉइलवरचा, म्हणजे मशीनच्या गार नळ्यांवरचा बर्फ वितळवायला मशीन मधून मधून तेवढं थांबतं.

माझा अंदाज सांगू? पहिलीच रेघ निघेल. फ्रीजर गाडी गार माल गार राखायला असते, गरम माल गार करणं तिच्या आवाक्यातलं नाही. स्ट्रॉबेरीला ० अंश लागतात, आणि तोडल्यावर तासाभरात शेतातली ऊब काढली तर उत्तम. तापमान १० अंशांनी चढलं की फळाचा श्वास दुपटी-तिपटीनं वाढतो आणि राखाडी बुरशीला आयतं रान मिळतं. भावाला म्हणावं, ऊन चढायच्या आत तोडा, सावलीत ठेवा, आणि जवळपास प्रीकूलिंगची, म्हणजे गाडीत भरण्याआधी फळ झटपट गार करायची सोय असेल तर तिथून काढून मगच भरा. (हाच ० चा आकडा हापूसच्या वेळी लावू नका. आंब्याला १२-१३ अंश हवेत, त्याहून फार गारठला तर साल काळवंडते आणि आंबा धड पिकत नाही.)

आता खराबी. सेन्सरनं ती थांबत नाही, फक्त आधी कळते. ते कळल्यावर तुम्ही काय करता त्यात पैसा आहे. आपल्याकडे आधी आलेला माल आधी विकायची सवय. ती सोडा, ज्याचे दिवस आधी भरणार तो आधी काढा. सोमवारची गाडी गार आली आणि बुधवारची वाटेत तापली, तर बुधवारचा माल पुढे काढायचा. तो सोसायट्यांत घरपोच मुळीच नाही. त्याच सकाळी ठाण्यातल्या ज्यूसवाल्याला, आइस्क्रीमवाल्याला फोन लावा, भाव कमी घ्या, पण त्याच दिवशी मोकळ्या व्हा. गार आलेला माल घरपोचसाठी राखा, आणि दारात नेताना डब्यांना घाम फुटू देऊ नका. ओल्या फळावर बुरशी रातोरात चढते.

सिमवाला सेन्सर पुढच्या वर्षी घ्यायचा की नाही, ते एका गोष्टीवर ठरवा. पहाटे तीनला खंडाळ्यात गाडी तापल्याचा इशारा वाजला, तर फोन कोण उचलणार आणि ड्रायव्हर त्याचं ऐकणार का? दोन्हीला होकार असेल तर घ्या. बोगद्यात रेंज गेल्यावर मधल्या नोंदी साठवून नंतर पाठवतो का, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. इशारा मात्र तापमान सलग अर्धा तास चढं राहिलं तरच वाजेल असा लावा, नाहीतर तुमचे यजमान दुसऱ्या रात्री फोन उशीखाली दडपतील.

प्रश्न : पाकिटावर रंग बदलणारी पट्टी असते म्हणे. आइस्क्रीम वाटेत वितळलं होतं का, हे ग्राहकाला त्यावरून कळेल? (वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : कळू शकतं. पोलिओच्या लशीच्या कुपीवर असा चौकोन १९९६पासून येतो. ऊब लागत गेली की तो गडद होत जातो आणि पुन्हा कधी फिका होत नाही. पण ती पट्टी स्वतःला लागलेली ऊब मोजते, आतल्या पदार्थाची नव्हे, आणि प्रत्येक पदार्थाला वेगळी पट्टी लागते. आइस्क्रीमवर तशी पट्टी नसेल तर झाकण उघडून बघा. वर बर्फाचे खडे आणि कडेला रिकामी फट असेल तर ते वाटेत मऊ पडून पुन्हा गोठलेलं असण्याची दाट शक्यता आहे. बिल हातात असतानाच परत करा.