बायकोसोबत ऑक्टोबरात पाच दिवस कोलकाता: दुर्गापूजेत जाऊ की पूजेनंतर? (शीट जोडली आहे, काही राहिलंय का सांगा)

पूजेतच जा. गर्दी नको म्हणून पूजेनंतर कोलकात्याला जाणं म्हणजे अनंत चतुर्दशी झाल्यावर पुण्याला गणपती बघायला जाणं. फक्त षष्ठीला पोचू नका, तृतीया-चतुर्थीलाच पोचा. हल्ली बरेच मोठे मांडव आधीच उघडतात आणि तेव्हा निदान पाय ठेवायला जागा असते. दशमीनंतर मात्र राहू नका. आपल्या कोजागिरीला त्यांची लक्ष्मीपूजा असते, तोवर शहर नुसतं लोळत पडलेलं असतं.

झालं उत्तर. आता तुमच्या शीटबद्दल.

भाऊ, ती शीट उघडली आणि पोटात गोळा आला. 'सप्तमी, सायं. ५ ते ११.३०, मांडव १ ते १२, प्रत्येकी ३० मि.' रकान्यांना रंगसुद्धा तेच, मांडव पिवळे, जेवण हिरवं. हुबेहूब असली शीट मी २०२२ मध्ये केली होती. रेल्वेच्या अकाउंट्समध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस, मला रकान्याशिवाय सुचत नाही. नागपूरहून गीतांजलीने गेलो. मी नुकताच रिटायर झालेलो, पोरं आपापल्या गावी, आम्ही दोघंच. लग्नाला ३३ वर्षं झाली होती आणि दोघंच अशी ती पहिलीच सहल. तुम्ही दोन वर्षांत निघालात, शहाणे आहात.

शीटचा पहिला रकाना पहिल्याच संध्याकाळी फसला. साडेपाच ते सव्वासहा, हावड्याहून लॉन्चने बागबाजार घाट, नदीतून हावडा ब्रिज आणि सूर्यास्त. आम्ही ऐटीत साडेपाचला धक्क्यावर पोचलो तर सूर्य गेलेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य सहाच्या पुढे मावळतो, तिथे साडेपाचच्या आत. घड्याळ एकच, पण कोलकाता आपल्यापेक्षा नऊ-साडेनऊ रेखांश पूर्वेला आहे. रेखांशाला चार मिनिटं, करा हिशेब. हे मला शाळेत शिकवलं होतं आणि अकाउंट्सच्या माणसाला गुणाकारही येतो, तरी शीटमध्ये नागपूरचा सूर्य घातला. तुम्हीही तुमच्या गावचाच घातलाय, १७.४५ लिहिलंय. तिथे सगळं तास-पाऊण तास अलीकडे ओढा आणि सकाळी साडेपाचला उठा, उजाडलेलं असतं. लॉन्च मात्र सोडू नका. तिकीट दहा रुपयांच्या आत होतं आणि अंधारातला तो पूलही बघण्यासारखा आहे. १९४३ चा, नटबोल्टाशिवाय, सगळा रिवेटांवर उभा.

आता सप्तमी. २ ऑक्टोबर, रविवार. निघताना मी हिला म्हटलं होतं, बूट घाल. ही म्हणाली, सिल्कच्या साडीवर बूट घालू? मी म्हटलं, पायाकडे कोण बघतं. ती म्हणाली, मी बघते. आणि नव्या कोऱ्या, अंगठ्याच्या चपला घालून निघाली. हा मुद्दा लक्षात ठेवा.

शोभाबाजार-सुतानुटी मेट्रोला उतरलो. शोभाबाजार राजबाडी (ही पूजा १७५७ पासूनची), कुमारटुली, आहिरीटोला, असं करत सहाव्या नंबरचं बागबाजार सार्वजनीन. तिथली मूर्ती जुन्या पद्धतीची, एकचाला. म्हणजे देवी, तिची चारही लेकरं, सिंह, महिषासुर, सगळे एकाच प्रभावळीत. अंगावर शोल्याचा, म्हणजे एका पाणवनस्पतीच्या भेंडाचा, पांढराशुभ्र साज. आणि डोळे! कानापर्यंत ओढलेले. ही त्या डोळ्यांकडे बघत उभी राहिली. मागून लोक ढकलताहेत, ढाक वाजतोय आणि मी म्हणतोय, 'चल, बारा मिनिटं मागे आहोत.' बाहेर पडताना कुणाचा तरी पाय हिच्या टाचेवर पडला आणि चपलेचा अंगठा तुटला. टाचणीनं जमेना, रुमालानं बांधून जमेना. एक पाय अनवाणी घेऊन ही शेजारच्या गल्लीत शिरली आणि एका जुन्या घराच्या ओट्यावर जाऊन बसली. उत्तर कोलकात्यात घरांना असे ओटे असतात, ते 'रोक' म्हणतात. आपल्या कट्ट्यासारखाच उपयोग, संध्याकाळी बसून जगाचा न्यायनिवाडा करायला.

ती म्हणाली, 'तुम्ही जाऊन या कॉलेज स्क्वेअरला. मी बसते इथे.'

कॉलेज स्क्वेअर माझा सातवा नंबर होता. तळ्याकाठचा मांडव, रोषणाई पाण्यात दिसते, फोटो बघून बघून मी तो पाठ केलेला. मी म्हटलं, 'एकटी काहून बसतेस?' ती म्हणाली, 'एकटी कुठे, एवढी माणसं आहेत.'

आणि मी घड्याळ पाहिलं.

एवढंच. काही बोललो नाही, गेलोही नाही. पण हिनं ते पाहिलं आणि गेली तीन वर्षं मला ऐकवलं जातंय, की ह्यांनी मला परमुलखात अनवाणी सोडून जायचा विचार केला होता. लग्नकार्यात सांगते, मेहुण्याला सांगते, सुनेला तर पहिल्याच भेटीत सांगितलं. माझं म्हणणं, मी परतीच्या मेट्रोची वेळ बघत होतो. तर म्हणते, पूजेत मेट्रो रात्रभर चालू होती, तुमच्याच शीटवर लाल अक्षरात लिहिलं होतं.

असो. त्या ओट्यावर गंजीफ्रॉक आणि लुंगीतले एक म्हातारे गृहस्थ आधीपासून बसलेले. त्यांनी आतून पाणी मागवलं. कुठून आलात? आमची नागपुरी हिंदी, त्यांची बंगाली हिंदी, दोन्हीकडून व्याकरणाला सुट्टी. नागपूर म्हटल्यावर संत्री म्हणतील असं वाटलं होतं. म्हाताऱ्यानं डोळे मोठे केले आणि आत तोंड करून ओरडला, 'ओगो शुनछो, बोर्गी एशेछे!' म्हणजे, अगं ऐकलंस का, बोर्गी आलेत!

बोर्गी म्हणजे बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर जात राहिल्या. तिकडे अजून अंगाईगीतात बोर्गी येतात. म्हातारा म्हणाला, मला आईनं तुमचं नाव घेऊन झोपवलंय. त्याच भीतीनं कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता, तो पुरा झालाच नाही आणि मराठे शहरात आलेही नाहीत. पण मराठा डिच लेन नावाची गल्ली तिथे बागबाजारातच आहे. मी म्हटलं, 'उशीर झाला खरा, पण आलो.'

पण आमची ही इतिहासाची मास्तरीण. तिला विनोद पुरला नाही. ती म्हणाली, आमच्या भोसल्यांच्या सेनापतीनं, भास्करपंत कोल्हटकरांनी, १७४२ मध्ये तुमच्याच मुलखात, काटव्याजवळ, दुर्गापूजा मांडली होती. तुमच्या नवाबानं, अलीवर्दीखानानं, ती पुरीसुद्धा होऊ दिली नाही, मधेच छापा घातला. म्हातारा शांतपणे म्हणाला, 'हो, मांडली होती. वर्गणी कुणाकडून वसूल केली होती?'

त्यावर हिला उत्तर सुचलं नाही. ३३ वर्षांत मी असं पहिल्यांदा पाहिलं आणि त्या म्हाताऱ्याबद्दल माझ्या मनात जो आदर निर्माण झाला तो आजतागायत आहे. (दोन वर्षांनी त्याच भास्करपंतांना बोलणीसाठी बोलावून दगा केला, हे तिला हॉटेलवर गेल्यावर आठवलं. रात्री एक वाजता मला उठवून सांगितलं.)

म्हातारीबाई बाहेर आल्या, नारळाचे लाडू आणले, 'नाडू' म्हणतात, आपल्यापेक्षा छोटे आणि गुळाचे. हिच्या पायाकडे बघून आत गेल्या आणि स्वतःच्या निळ्या पट्ट्यांच्या हवाई चपला आणून ठेवल्या. मोरपंखी सिल्कच्या साडीवर निळ्या हवाई चपला घालून ही मेट्रोत बसली. तेव्हा कुणी पायाकडे बघतं का, हे मी विचारलं नाही. शहाणपण होतं थोडंफार.

दुसऱ्या दिवशी सोमवार, अष्टमी. शीटवर सकाळी दहा ते एक व्हिक्टोरिया मेमोरियल. सोमवारी तिथलं संग्रहालय बंद असतं, हे मला, आयुष्यभर टाइमटेबलं वाचणाऱ्याला, हॉटेलच्या पोऱ्यानं सांगितलं. तुमच्या शीटवर व्हिक्टोरिया आणि इंडियन म्युझियम दोन्ही सोमवारी टाकलेत, दोन्ही हलवा. मग म्हटलं, चपला तरी परत करून येऊ. गेलो तो संध्याकाळी सहापर्यंत तिथेच. अष्टमीला बऱ्याच घरांत शाकाहारी असतं, लुची (मैद्याच्या पुऱ्या), हरभऱ्याची नारळ घातलेली डाळ, बटाट्याचा रस्सा. आम्ही शुद्ध शाकाहारी, आमची चंगळ झाली. दुपारी गल्लीतल्या मांडवात संधिपूजा. अष्टमीची शेवटची घटका आणि नवमीची पहिली, मिळून ४८ मिनिटं, आणि तेवढ्यात १०८ दिवे लावायचे. दरवर्षी वेळ वेगळी, कधी मध्यरात्रीसुद्धा. त्या वर्षी चारनंतर होती. म्हातारीबाईंनी हिच्या हातात एक पेटती वात दिली. पितळी पणत्या, एकीला दुसरी खेटून, मधे ओणवून हात घालायचा. वाऱ्यानं दोन विझल्या की चार जणी ओरडायच्या. हिच्या उजव्या मनगटाला चटका बसला, डाग अजून आहे. दाखवते सगळ्यांना, घड्याळाची गोष्ट सांगून झाली की.

आता मला सांगा. चप्पल तुटली कुठे? माझ्या शीटवरच्या सहाव्या मांडवाबाहेर. शीट नसती तर आम्ही त्या गल्लीत गेलो असतो का? ही म्हणते, मी तुमचं ऐकून बूट घातले असते तर तुम्ही मला रात्री बारापर्यंत पळवलं असतं आणि परत येऊन फोटो दाखवले असते. दोन्ही खरं असू शकतं, असं सून म्हणते. सून नवीन आहे.

तुमच्या कामाचं थोडं, घाईत. हॉटेल उत्तर-दक्षिण मेट्रोच्या स्टेशनपासून चालत येईल असंच घ्या. आमचं हॉटेल अशा रस्त्यावर होतं जो पूजेत संध्याकाळी गाड्यांना बंद. मॅनेजरनं बुकिंग करताना ब्र काढला नाही, बॅगा घेऊन अर्धा किलोमीटर चाललो. मोठे मांडव रात्री बघायचा हट्ट सोडा, पहाटे पाच-सहाला जा. रोषणाई हुकेल, पण मूर्ती दिसेल. तुम्ही शीटवर 'नोलेन गुडाचा संदेश' लिहिलाय, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाची मिठाई, तो गूळ थंडीतला आहे. ऑक्टोबरात कुणी देत असेल तर विचार करून खा. कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकांसाठी अर्धा दिवस ठेवलाय, पूजेच्या दिवसांत तिथे शटर बघाल. ट्रामचे बहुतेक मार्ग बंद झालेत, आधी चौकशी करा. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पाऊस येतोच, छत्री घ्या. रेल्वेचं रिझर्व्हेशन हल्ली ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, आणि पूजेच्या गाड्या पहिल्या सकाळीच भरतात.

हे सगळं वाचून कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसाल आणि लाडू येतील अशी वाट बघाल, तर तसं नाही. आमचं नशीब होतं. आणि तुमची बायको गर्दीत गुदमरणारी असेल तर वरचं सगळं रद्द, कोजागिरी ते कालीपूजा (आपल्या दिवाळीतली अमावस्या) या मधल्या दिवसांत जा. हे खरं म्हणजे आधी विचारायला पाहिजे होतं. तुम्ही तिला विचारलंत का? शीटवर तिचं नाव कुठे दिसलं नाही.

मेहुणा म्हणतो, व्हिक्टोरिया पाहिलं नाही म्हणजे तुम्ही कोलकाता पाहिलंच नाही. त्याला आम्ही दरवर्षी कोजागिरीच्या आधी एक पार्सल दाखवतो, संत्रा बर्फीचं, बागबाजारच्या पत्त्यावरचं. पत्त्याखाली ही 'प्रेषक: बोर्गी' असं लिहिते.

आणि हे उत्तर ती वाचणार नाही, तिला या साइटचा कंटाळा आहे, म्हणून लिहून टाकतो. मेट्रोची वेळ नव्हतो बघत. कॉलेज स्क्वेअरला जाऊन यायला किती लागेल ते बघत होतो. पन्नास मिनिटं धरली होती.