मॅडम, माझ्याकडे उदाहरणंच नाहीत

परदेशातल्या उच्चशिक्षणासाठीच्या जीआरई परीक्षेला बसणारी मुलं गणिताचं गाऱ्हाणं घेऊन येतील असं वाटतं. येतात निबंधाचं घेऊन. "मुद्दे सुचतात मॅडम, पण उदाहरणं कुठून आणू?"

ही मुलगी निफाड तालुक्यातली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सप्टेंबर २०२३ पासून या परीक्षेत एकच निबंध उरलाय. एक विधान देतात, ३० मिनिटांत आपली बाजू मांडायची, गुण ० ते ६. हिने वहीत वीस उदाहरणं उतरवून पाठ केली होती: आइनस्टाईन, एडिसन, स्टीव्ह जॉब्ज, गांधीजी. येईल त्या विषयाला यातलं एखादं चिकटवायचं, असा बेत.

सरावाला मी विषय दिला, तंत्रज्ञानावर विसंबून माणसाची स्वतः विचार करायची कुवत कमी होईल का? दुसऱ्याच परिच्छेदात आइनस्टाईन शाळेत गणितात नापास झाला. ही लोणकढी थाप आहे. पंधरा वर्षांचा व्हायच्या आत तो कॅल्क्युलस शिकला होता. पण मला थापेपेक्षा खटकलं ते वेगळंच. आइनस्टाईनचा त्या विधानाशी संबंध काय, हे परिच्छेदात कुठेच नव्हतं.

वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "घरी काय पिकतं?"

"द्राक्षं."

"फवारणी कधी करायची, हे कोण ठरवतं?"

"आता मोबाइल. बागेत हवामान यंत्र बसवलंय. पान किती वेळ ओलं राहिलं, हवा किती दमट, त्यावरून डाऊनीचा धोका सांगतं." मग जरा थांबून, "पण पप्पा मेसेज आला तरी आधी बागेत जातात. पान उलटं करून खाली पांढरी बुरशी दिसते का बघतात. शेजारचा दादा नाही बघत. मेसेज आला की ट्रॅक्टर काढतो."

मी म्हटलं, "झाला की तुझा निबंध."

तिला पटेना. "असलं घरगुती चालतं?" चालतं. वाचन, अनुभव, निरीक्षण, अभ्यास, कुठलंही उदाहरण घेतलेलं चालतं. तपासणारा बघतो ते युक्तिवादाला त्याने बळ येतं का. एकच यंत्र, दोन माणसं. एकाची नजर त्याने पक्की झाली, दुसऱ्याची मोडली. म्हणजे कुवत यंत्रामुळे जात नाही, पडताळा घ्यायची सवय सुटली की जाते. "विधान बरोबर की चूक" यापलीकडे ती गेली, आणि वरचे गुण तिथेच असतात. एडिसनबद्दल तिला दोन वाक्यं माहीत होती, बागेबद्दल दोनशे. "कसं?" असं कुणी विचारलं तर उत्तर देता येईल तेच उदाहरण घ्यावं, आणि ते आपल्याच मुद्द्याच्या विरोधात कुठे जातं तेही ठाऊक असावं.

पाठ केलेल्या मजकुराचा आणखी एक धोका आहे. निबंध दुसऱ्या कुठल्या मजकुराशी फार जुळला तर गुण रद्द होऊ शकतात. क्लासची एकच झेरॉक्स शंभर मुलांच्या हातात असते, हे कुणी लक्षात घेत नाही.

घरचं उदाहरण अंगाशीही येतं, बरं का. मागे एकाने नाशिकच्या नदीपात्रातला दुतोंड्या मारुती उदाहरणाला घेतला होता. गोदावरीचं पाणी मारुतीच्या कुठवर चढलं यावरून नाशिककर पूर मोजतात, हे परक्या वाचकाला समजावण्यातच त्याची सहा वाक्यं गेली आणि मुद्दा पुरात वाहून गेला. म्हणून हिला सांगितलं, डाऊनी म्हणजे द्राक्षाच्या पानावरचा बुरशीचा रोग, एवढं अर्ध्या वाक्यात उरक आणि पुढे सरक.

आठवड्याने ती नवा निबंध घेऊन आली. पप्पा, शेजारचा दादा, उलटं केलेलं पान, सगळं जागच्या जागी. तिसऱ्या परिच्छेदात मात्र एडिसन होताच. मी वर पाहिलं.

"एक राहू द्या ना मॅडम, आधाराला."