बाइकवर नागपूरहून कन्याकुमारीच्या दिशेने, 24 तासांत 1600 किमी: निघावं कधी?

पहाटे पाचला निघा, आणि आदल्या रात्री नीट झोपून. दिवसभर ऑफिस करून रात्री किक मारू नका. हिशोब साधा आहे. 1600 किमीला 24 तास म्हणजे थांबे धरून ताशी 67 ची सरासरी. एनएच 44 वर या गतीने हैदराबाद (सुमारे 500 किमी) दुपारी साडेबाराच्या आसपास येतं आणि बंगळूर रात्री नऊनंतर, म्हणजे दोन्हीकडे ऑफिसची गर्दी टळते. हैदराबादच्या आउटर रिंग रोडच्या मुख्य मार्गिकांवर बाइकला बंदी आहे, सर्व्हिस रोडचा वेळ आधीच धरा. वेळ वाचतो तो थांब्यांत, वेगात नाही. पेट्रोल, पाणी, लघवी एकाच थांब्यात उरका.

आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या बाइकस्वारांच्या संस्थेचं सॅडलसोर प्रमाणपत्र (24 तासांत सुमारे 1600 किमी केल्याचं) हवं असेल तर वेळ आणि ठिकाण छापलेली पेट्रोलची पावती प्रत्येक वेळी मागून घ्या. राष्ट्रीय महामार्गावर बाइकला टोल नाही, त्यामुळे टोलची पावती मिळत नाही, पुरावा हाच. पंपावरच पावती ओडोमीटरशेजारी धरून फोटो काढा, थर्मल कागदावरची छपाई उन्हात उडते. ओडोमीटर थोडा जास्तच दाखवतो, म्हणून नकाशावर 1650 तरी बसवा.

एकच अट: सेलमच्या पुढे रात्री दोन ते पाचमध्ये डुलकी येऊ लागली तर पंपावर थांबून झोपा. प्रमाणपत्र गेलं तरी चालेल.