प्रश्न विचारलात ना, मग थांबा

ताई, बालवाडीत नव्यानं शिकवायला आलेल्यांची चूक ठरलेली: प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं. ३ वर्षांच्या मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो; मनात ५ पर्यंत मोजा.

मुलांना बोलतं करायला संत्रं सोलायला द्या. देठाजवळ चीर मात्र तुम्हीच पाडा, नाहीतर बोटं घसरतात आणि मूल नाद सोडतं. ‘रस उडून राहिला!’ म्हणालं तर भाषा सुधारू नका (आपली नागपुरीच ती), वाक्य वाढवा: ‘हो, डोळ्यात उडाला! झोंबला का?’ अशा देवाणघेवाणीतूनच मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. फोडी मोजणं नंतर.

एका वेळी ४-५ मुलंच घ्या. २० जणांत गप्प मूल गप्पच राहतं. मार्चमध्ये ऊन तापलं की हे सकाळीच उरका, तहानलेलं मूल नुसतं किरकिरतं.