येऊरचा चढ आणि दात्यांचं गणित

प्रश्न : माझ्या फिक्स्ड गिअर (चाक फिरेल तोवर पॅडलही फिरतच राहणाऱ्या) सायकलला पुढे 48, मागे 16 दाते आहेत. येऊरच्या चढावर गुडघे दुखतात. काय बदलू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मागे 18 दात्यांचा कॉग (दातेरी चक्र) बसवा. सध्या पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 6.3 मीटर जाते, मग 5.6 मीटर जाईल. जोर साधारण 11 टक्के कमी लागेल. उतारावर मात्र पाय जास्त भरभर फिरतील, म्हणून पुढचा ब्रेक हवाच हवा. कॉग जागी घट्ट धरणाऱ्या रिंगचे, म्हणजे लॉकरिंगचे, आटे उलटे असतात; ती घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवा, नाहीतर हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) आटे जातील. कॉग मोठा झाल्याने मागचं चाक पाच-सहा मिलिमीटर पुढे सरकेल, बहुधा जुनीच चेन पुरेल. शिवाय दर वेळी तोच पाय पुढे ठेवून स्किड मारलीत (पॅडल अडवून मागचं चाक घसरवलंत), तर 48-16 वर टायर एकाच जागी झिजतो. 48-18 वर तीन जागी.