चिंचेचा श्वास आणि आपला

प्रिय मनू,

आजी म्हणाली, रात्री चिंचेखाली झोपू नये. आणि तू विचारलंस, झाड आपला श्वास ओढून घेतं का? वाईच्या सुट्टीतल्या शिबिरात मांडणी करायचीच आहे, तर हाच विषय घे. आमटीत इतकी मुरलेली चिंचही मूळची आफ्रिकेची, हेही तिथं लिही.

झाड श्वास ओढून घेत नाही. अंधारात ते आपल्यासारखंच ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, पण थोडाच, आणि उघड्यावर तो वाऱ्याने पांगतो. पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो म्हणतात, तेही खरं नाही. त्याला उजेड लागतोच.

आता चुन्याची निवळी कर; कार्बन डायऑक्साइड मिळाला की ती पांढरट होते, म्हणून तो कुठे आहे ते तिच्यावरून कळतं. आजीच्या पानाच्या डब्यातला एक चमचा पांढरा चुना लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळ, बाटली गच्च बंद करून रात्रभर ठेव. सकाळी वरचं नितळ पाणी गाळ न हलवता काढून घे. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नको.

ग्लासभर निवळीत स्ट्रॉने हळू फुंक. ओढायचं मात्र नाही. उच्छ्वासात सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत 0.04 च्या आसपास. म्हणून निवळी लगेच पांढरट होते. फुंकतच राहिलीस तर ती पुन्हा नितळ होते आणि बघणाऱ्याला वाटतं, काही घडलंच नाही. गढूळ दिसली की थांब.

झाडासाठी दोन सारखी स्टीलची पातेली उपडी घाल. दोन्हींखाली निवळीची वाटी, एकीशेजारी पाण्यात खोचलेली चिंचेची डहाळी. कडा ओल्या शाडूने लिंप. कणीक नको, ती रात्रीत आंबते आणि स्वतःच वायू सोडते; मग निकाल कणकेचा, चिंचेचा नाही. सकाळी दोन्ही वाट्यांवर सायीसारखा पापुद्रा दिसेल, डहाळीजवळ जास्त जाड. दुसरी वाटी ठेवली नाहीस तर हा फरक कळणारच नाही.

तिन्हीसांजेला एक फांदी नीट बघ: समोरासमोरची पानं जोडीजोडीने मिटत जातात. "झाडं झोपली, हात लावू नको" हे आजी त्यावरूनच म्हणत असणार. झोपू नये हेही तिचं बरोबरच आहे; विंचू, साप, वाळकी फांदी, यातलं अंधारात काहीच दिसत नाही.

प्रत्येक बघणाऱ्याला नवी स्ट्रॉ दे आणि उरलेली निवळी झाकून ठेव.

तुझा बाबा