दिव्यांगांचे 5 टक्के जातात कुठे?

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांचा 5 टक्के निधी मागितला की ग्रामसेवक म्हणतात, ‘शिल्लकच नाही.’ मार्चअखेर एकदा ब्लँकेटं वाटली, तेवढंच. हा निधी मोजतात कसा आणि मागायचा कुठे?

उत्तर: हे 5 टक्के ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नावर काढतात, म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं वगैरे. वित्त आयोगाचं अनुदान त्यात धरत नाहीत. समजा घरपट्टी वगैरेची मागणी 9 लाखांची आणि वसुली 6,40,000 रुपये. तर दिव्यांगांच्या वाट्याला 32,000 येतात. वसुली थकली की हा वाटाही आटतो.

‘शिल्लक नाही’ म्हणतात त्यात खोटं नसतंही. वीजबिल, कर्मचाऱ्यांचे पगार, पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती यांत पैसे वर्षभर जात राहतात. मार्च आला की उरलेल्यातून घाईघाईने काहीतरी घ्यायचं, म्हणून ब्लँकेटं. कोणाला काय हवंय याची यादीच नसली तर दुसरं सुचणार काय?

म्हणून ऑक्टोबरमध्येच हालचाल करा, पुढच्या वर्षाचा विकास आराखडा तेव्हा आकार घेत असतो. गावातल्या दिव्यांगांची यादी, प्रत्येकाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि नेमकी गरज कागदावर आणा: कोणाला चाकाची खुर्ची, कोणाला श्रवणयंत्राची बॅटरी, कोणाच्या शौचालयात पकडायला दांडी. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या. ‘दिव्यांगांना मदत करावी’ असा ठराव निरुपयोगी. काम, लाभार्थी आणि अंदाजे रक्कम ठरावातच हवी. इतिवृत्तात तो कसा उतरला हे वाचून घ्या. नंतर अंदाजपत्रकात, म्हणजे नमुना 1 मध्ये, या खर्चाचं स्वतंत्र शीर्ष आहे का ते पाहा.

तरीही दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘खर्च का केला नाही?’ असं विचारू नका. त्या कायद्यात कागद मिळतात, कारणं नाहीत. मागच्या वर्षाची रोकडवही, वसुलीचा गोषवारा आणि दिव्यांग खर्चाचे ठराव यांच्या प्रती मागा. त्या जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या.

प्रश्न: ग्रामपंचायत कार्यालयाला रॅम्प आहे, पण चाकाची खुर्ची वर चढतच नाही. काय चुकलं?

उत्तर: बहुतेक उतार. जोतं 45 सेंटीमीटर उंच असेल तर 1:12 उताराने, म्हणजे उंचीच्या बारापट, रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. जागा आणि सिमेंट वाचवायला तो 1.8 मीटरचा केला की उतार 1:4 होतो. मागून दोघांनी ढकलल्याशिवाय खुर्ची वर जात नाही आणि उतरताना माणूस पुढे कलंडतो. वर दाराशी खुर्ची वळवायला सपाट दीड मीटर जागा लागते, नाहीतर दार उघडता उघडता ती मागे घरंगळते. दोन्ही बाजूंना कठडा हवा. गुळगुळीत फरशी मात्र नको, पहिल्या पावसातच पाय घसरतो.

समोर तेवढी लांबी नसेल तर रॅम्प भिंतीलगत आडवा न्या, मध्ये वळणावर सपाट टप्पा ठेवा. कनिष्ठ अभियंत्याच्या अंदाजपत्रकात नुसतं ‘रॅम्प बांधणे’ असेल तर सही होण्याआधी लांबी, रुंदी आणि उतार आकड्यांत लिहून घ्या. बिल निघाल्यावर कोणी तो पुन्हा फोडत नाही.